सहा हजारांत बिनगिअरची सायकल: खर्च कुठे करायचा, हात कुठे आखडायचा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. राहायला ठाण्यात मानपाड्याला, काम वागळे इस्टेटला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये २०२० साली घेतलेली २१ गिअरची २६ इंची सायकल धूळ खात पडली आहे, गिअर मोडलेत. खिशात सहा हजार. तर हीच सायकल बिनगिअरची करावी, नवी काळी ‘दूधवाली’ घ्यावी, की कुणाची वापरलेली घ्यावी? शिवाय मित्र म्हणतो फिक्सी कर (मागची चकती चाकाला पक्की, पाय थांबले की चाकही थांबतं), ब्रेकसुद्धा लागत नाहीत. मित्राचं शेवटी बघू.

माझा हात फिटरचा. वागळेतच मशीन शॉपमध्ये काम केलं आणि सायकलींची खुडबुड त्याच्या आधीपासूनची, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. आधी निकाल सांगतो: पैसे चाकांत, ब्रेकमध्ये आणि चेन-फ्रीव्हीलमध्ये (फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकावरचं, उलट मोकळं फिरणारं दातेरी चक्र) घाला. फ्रेम, रंग, हँडलची फॅशन यांत घालू नका. तुमची पडलेली सायकल वापरायची की नाही, ते एकाच जागी बघून ठरेल. मागच्या चाकाचा ॲक्सल, म्हणजे मधला दांडा, फ्रेमच्या ज्या खाचेत बसतो ती खाच.

बिनगिअरच्या सायकलीत चेन ताणून धरायला दुसरं काही नसतं. चाक मागे ओढायचं आणि नट आवळायचे, एवढंच. त्यासाठी खाच आडवी किंवा निदान तिरकी, लांबट हवी. खाच सरळ उभी असेल तर चाक मागे सरकणारच नाही. आता गंमत अशी की आपल्याकडच्या स्वस्त गिअरवाल्या सायकलींत बहुतेक वेळा गिअरचा तो मागचा लोंबता सांगाडा एका वेगळ्या पत्र्याच्या पट्टीवर बसवलेला असतो आणि ती पट्टी ॲक्सलच्या नटाखाली दाबलेली असते. अशी पट्टी दिसली तर खूश व्हा. पट्टी काढली की खाली आडवी खाच निघण्याची शक्यता दांडगी. महागड्या सायकलीत ती पट्टी फ्रेमचाच भाग असते आणि खाच उभी असते. म्हणजे बिनगिअरची करायला पंधरा हजारांच्या सायकलीपेक्षा सात हजारांची सायकल जास्त सोयीची. पुढे-मागे डिस्क ब्रेक असलेली असेल तर तिच्या नादी लागू नका, चाक मागे सरकवलं की डिस्कला पकडणारा मागचा कॅलिपर पुन्हा जुळवत बसावं लागतं.

खाच उभी निघाली तरी एक पळवाट आहे. जुना गिअरचा सांगाडा काढायचाच नाही. त्याच्या दोन छोट्या स्क्रूंनी त्याला फ्रीव्हीलच्या रेषेत अडवून ठेवायचा, स्प्रिंग चेन ताणून धरते. पण मग पावसात चिखल धरणारा तोच भाग सायकलीला राहिला. मी असं काम कुणी फारच गळ घातली तरच करतो.

खाच आडवी आहे असं धरून पुढे जाऊ.

पहिलं काम, मागचं गिअरचं चक्र काढणे. या सायकलींचं सहा किंवा सात चकत्यांचं फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी बसवलेलं असतं आणि साध्या सायकलीचं एकेरी फ्रीव्हीलही त्याच आट्यांवर बसतं. १.३७ इंच, इंचाला २४ आटे. म्हणून चाक बदलायची गरज नाही. काढायला त्या त्या खाचांचा रिमूव्हर लागतो. तो फ्रीव्हीलच्या तोंडात बसवा, वरून ॲक्सलचा नट हलकाच लावा म्हणजे रिमूव्हर उसळणार नाही, मग रिमूव्हर व्हाइसमध्ये धरून अख्खं चाक डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवा. सुटल्याचा झटका लागला की नट काढा आणि उरलेलं हाताने सोडवा. रोज चालवलेल्या सायकलीचं फ्रीव्हील पायाच्या जोराने आवळत गेलेलं असतं. आदल्या रात्री थोडं तेल सोडून ठेवा. छिन्नी-हातोडा हातात घेणारा मेकॅनिक भेटला तर चाक परत घेऊन या. एका तिरक्या ठोक्यात हबचे आटे जातात आणि मग खर्च नव्या हबचा.

आता नवं फ्रीव्हील. किती दातांचं, हा खरा प्रश्न आणि बहुतेक जण इथेच फुशारकी मारतात. गणित सोपं आहे. पुढच्या चेनव्हीलचे, म्हणजे पायडलकडच्या चकतीचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचा घेर. २६ इंची जाड टायरच्या चाकाचा घेर साधारण २.०५ मीटर. तुमच्या पुढच्या तीन चकत्या बहुतेक ४२, ३४, २४ दातांच्या असतील, मोजून घ्या. मधली ३४ ची आणि मागे १६: पायडलच्या एका फेऱ्यात ४.३६ मीटर. मिनिटाला ७० फेरे मारले तर ताशी १८ किलोमीटर. ४२ आणि १८ घेतलं तर तेवढ्याच फेऱ्यांत ताशी २०. फरक दोनच किलोमीटरचा वाटतो, पण चढावर तो मांड्यांना कळतो. तुमचा रस्ता ग्लॅडिस अल्वारिस मार्गाने पोखरण रोड दोन, वर्तकनगर, मग वागळे असा असेल. तिथे चढ-उतार आहेत, सिग्नल आहेत, रिक्षा मध्येच थांबतात. दर वेळी शून्यावरून उचलायची आहे. तुम्हाला ३४/१६ पुरे. नवी मुंबईत नेरूळ-बेलापूरच्या सपाटीवर राहत असता तर मीच ४२/१८ म्हटलं असतं. पाम बीच रोडसारखा रस्ता मिळाला की जड गिअर चालतो. अर्थात पावसाळ्यात खाडीवरचा वारा अंगावर आला की तिथेही हलका गिअर असता तर बरं, असं वाटतंच.

आणि येऊरचा डोंगर विसरा. बिनगिअरच्या सायकलीने येऊर चढणारे लोक आहेत, माहीत आहे मला. ते रोज ऑफिसला पोचून शर्ट बदलत नाहीत. तुमच्या सायकलीवर येऊर लागलं की उतरा आणि चालत ढकला.

चेन घेताना रुंदी बघा. गिअरची चेन अरुंद असते, ३/३२ इंच. एकेरी फ्रीव्हीलला लागते १/८ इंचाची. रुंद चेन अरुंद चकतीवर चालते, अरुंद चेन रुंद चकतीवर बसत नाही. म्हणून पुढची चकती जुनीच ठेवायची, मागे साधं फ्रीव्हील आणि चेन १/८ ची नवी. जुनी गिअरची चेन तोडून वापरू का, असं विचारू नका. भंगारात द्या.

पुढच्या तीन चकत्या रिव्हेट केलेल्या असतील तर काढायच्या मागे लागू नका. मोठी चकती बाहेरून तशीच राहू दे. तिचे दात कानशीने घासून गोल केलेत तर पँट फाडणार नाही, उलट चेनकव्हरचं थोडंफार काम करेल.

यानंतरची पायरी लोक गाळतात आणि मग वर्षभर चेन पडते म्हणून रडतात. मागून एक डोळा मिटून बघा, चेन पुढून मागे सरळ एका रेषेत जाते का. एकेरी फ्रीव्हील हबला चिकटून बसतं, त्यामुळे ते पुढच्या मधल्या चकतीपेक्षा आतल्या बाजूला येतं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालून जातो. त्याहून जास्त असेल तर दोन उपाय. पहिला स्वस्तातला: फ्रीव्हीलच्या मागे एक रिंग टाका. बॉटम ब्रॅकेटच्या (दोन्ही पायडलांमधला दांडा जिथे फिरतो तो भाग) कपाखाली टाकतात तीच रिंग इथे बसते, कारण त्या कपाचा व्यासही तोच, १.३७ इंच. पण रिंगेमुळे फ्रीव्हीलला धरायला आटे कमी उरतात, म्हणून एखाद-दोन मिलिमीटरपलीकडे जाऊ नका.

दुसरा उपाय जास्त मेहनतीचा पण पक्का. गिअरच्या हबमध्ये ॲक्सलवर उजवीकडे जास्त स्पेसर असतात आणि डावीकडे कमी, कारण उजवीकडे सात चकत्यांना जागा करून द्यायची असते. आता ती जागा नकोय. उजवीकडचा एखादा स्पेसर काढून डावीकडे घाला. एकूण लांबी तीच राहते, चाक फ्रेममध्ये तसंच बसतं, फक्त हब आणि फ्रीव्हील उजवीकडे सरकतं. अर्थात रिमही सरकते. मग डावीकडचे स्पोक आवळत, उजवीकडचे ढिले करत रिम पुन्हा मधोमध आणायची. चाक फ्रेममध्ये उलट-सुलट बसवून दोन्ही बाजूंची फट बघा, सारखी आली की झालं. यात आणखी एक फायदा पदरात पडतो. गिअरच्या चाकात उजवीकडचे स्पोक फार ताणलेले आणि डावीकडचे सैल असतात, म्हणूनच मागचे स्पोक तुटत राहतात. रिम मधोमध आणताना दोन्हीकडचा ताण जवळपास सारखा होतो आणि चाक आधीपेक्षा मजबूत होतं. कुठलाही जुना सायकलवाला तासाभरात हे करून देईल. ‘चाकाचा आऊट काढायचा आहे आणि सेंटर बदलायचंय’ एवढं म्हणा.

असा सायकलवाला शोधायचा कुठे? चकचकीत शोरूममध्ये नको. जिथे सकाळी पाववाले, इडलीवाले आणि रात्रपाळीचे वॉचमन सायकल घेऊन उभे असतात तिथे जा. त्यांची सायकल बंद पडली तर त्या दिवसाचा धंदा जातो, त्यामुळे वाईट काम करणाऱ्याकडे ते दुसऱ्यांदा जात नाहीत. कळव्यात, उथळसरला, नवी मुंबईत जुन्या गावठाणांच्या कडेला अशी माणसं मिळतात. मजुरीवर घासाघीस करू नका. सामान स्वतः नेलंत तर ते नाराज होतात हेही लक्षात ठेवा. त्यांच्याकडूनच घ्या, फक्त कुठल्या मापाचं हवं ते ठाम सांगा.

चाक उघडलंच आहे तर छर्रे बदला. मागच्या हबला एका बाजूला पाव इंचाचे ९, पुढच्याला ३/१६ चे १०, बॉटम ब्रॅकेटला पाव इंचाचे ११. जाळीतले छर्रे असतील तर जाळी फेकून सुटे भरले तरी चालतात, एकाची जागा मोकळी सोडून. छर्रे ज्यावर फिरतात त्या कोनवर बोट फिरवा, खड्डा लागला तर कोनही बदला. यात पैसे वाचवण्यात अर्थ नाही, सगळं मिळून दीड-दोनशेचा मामला. कोन आवळताना चाक हाताने डाव्या-उजव्या बाजूला हलवून बघायचं. खेळ नसावा आणि चाक सोडल्यावर व्हॉल्व्हच्या वजनाने ते आपोआप खाली येऊन थांबावं. तिथे पोचेपर्यंत दोन पाने हातात धरून पाव-पाव फेरा करत बसायचं असतं, घाई चालत नाही.

बॉटम ब्रॅकेट उघडणार असाल तर एक सांगून ठेवतो. उजवीकडच्या कपाचे आटे उलटे असतात, डाव्या पायडलचेही उलटे. हे माहीत नसताना लांब पाइप लावून जोर करणारे पुष्कळ बघितलेत.

चेनचा ताण कसा द्यायचा ते नीट सांगतो, कारण प्रत्येक पंक्चरनंतर हे करावं लागणार. चेन चढवा, चाक खाचेत हाताने मागे ओढा आणि उजवा नट जेमतेम धरेल इतकाच आवळा. आता टायरला पुढून धरून चाक डावीकडे ढकला. उजव्या नटावर चाक फिरतं आणि डावी बाजू किंचित मागे जाते. डावा नट धरा, उजवा सैल करा, चाक उजवीकडे ढकला. असं एक पाऊल इकडून, एक तिकडून करत चाक मागे न्यायचं. मग पायडल सावकाश फिरवत चेनच्या मध्यावर बोट ठेवा. स्वस्त चेनव्हील कधीच अगदी गोल नसतं, कुठेतरी चेन ताठ होते, कुठेतरी सैल. जिथे ती सर्वात ताठ आहे तिथे मोजायचं: बोटाने वर-खाली साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे. त्याहून ताठ ठेवलीत तर छर्रे आणि कोन खाल्ले जातील, सैल ठेवलीत तर वर्तकनगरच्या उतारावर खड्ड्यात आदळून चेन पडेल. शेवटी रिम दोन्ही बाजूंना फ्रेमच्या मध्ये आहे ना बघून दोन्ही नट पूर्ण आवळायचे. चेनच्या लॉकची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं. उलटी बसवलेली क्लिप कशाला तरी अडकून उडते आणि ती नेमकी फ्लायओव्हरवर उडते.

ब्रेकवर येऊ. दोन हवेत, पुढचा आणि मागचा. यात तडजोड नाही. तुमच्या सायकलीला बहुतेक व्ही-ब्रेक असेल, तो चांगला. पण त्याचे प्लॅस्टिकचे लिव्हर दाबले की वाकतात आणि अर्धा जोर तिथेच मुरतो. धातूचे लिव्हर, नव्या केबल आणि रबर बदलून घ्या, पाचशे-सहाशेत होतं. रिम ॲल्युमिनियमची आहे की लोखंडी हेही बघा, चुंबक लावला की कळतं. क्रोम केलेल्या लोखंडी रिमवर रबर ओलं झालं की जवळजवळ धरतच नाही. ठाण्याच्या पावसात जून ते सप्टेंबर अशा सायकलीवर फिरायचं म्हणजे थांबायच्या जागेच्या खूप आधीपासून ब्रेक हलकाच लावून रिमवरचं पाणी पुसत यावं लागतं. पैसे उरले तर सर्वात आधी पुढची रिम ॲल्युमिनियमची करा, आणि मागची पुढल्या वर्षी. थांबवण्याचं मुख्य काम पुढचं चाक करतं.

नव्या काळ्या सायकलीबद्दल विचारलंत. ती वाईट नाही, मुळीच नाही. २८ इंची चाकं, पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक, पूर्ण मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, वरून बंद चेनकव्हर घेतलं तर चेन कित्येक पावसाळे बघते. तिची चाकं इतकी मोठी आणि फ्रेमचे कोन इतके पडते असतात की घोडबंदरच्या सर्व्हिस रोडचे खड्डे ती निम्मे गिळून टाकते. सहा-सात हजारांत येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आलाय, तेव्हा जुन्या किमतीची पाटी दाखवणाऱ्याला विचारा. पण तिचं वजन वीस किलोच्या आसपास, दांडीचे ब्रेक आणि बहुधा लोखंडी रिम. बाळकुम-कोलशेतच्या सपाट भागात फिरणाऱ्याला मी हीच घ्या म्हणेन. तुमच्या वाटेवर पोखरणचे चढ आहेत आणि उतारावर पावसात ती थांबवायची आहे, म्हणून तुम्हाला नको म्हणतो.

तीच वापरलेली मिळाली तर क्रँकची (पायडलच्या दांडीची) कॉटर, म्हणजे ती धरून ठेवणारी खीळ, बघायला विसरू नका. पायडल मारताना दर फेऱ्याला एकदा खट् असा आवाज आणि क्रँक किंचित सरकल्याचा भास, म्हणजे कॉटर खाल्ली. नवी कॉटर दहा-वीस रुपयांची, पण ती तशीच ठोकून बसत नाही. तिची चपटी बाजू कानशीने थोडी थोडी घासत, घालून बघत, पुन्हा घासत दोन्ही क्रँक बरोबर एका सरळ रेषेत येईपर्यंत जुळवायची. दोन्ही बाजूंच्या कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या. ठोकताना क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा टेकू द्यायचा, नाहीतर सगळा मार छर्ऱ्यांवर जातो. आणि ठोकून बसल्यावर नट आवळायचा, नटाने ओढून कॉटर बसवायची नाही, आटे जातात. ॲटलासची जुनी सायकल कुणी देत असेल तर ‘कंपनी बंद पडली, पार्ट कुठून आणू’ म्हणून मागे हटू नका. साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला हे खरं, पण या सायकलींची मापं सगळ्यांची सारखी आहेत. लुधियानाचा माल कुठलाही बसतो.

वापरलेली कुठलीही सायकल घेताना आणखी तीन गोष्टी. हँडलखालच्या नळीला जिथे खालची नळी जोडलेली असते, तिथे रंगाला सुरकुती किंवा बारीक भेग असेल तर ती कुठेतरी समोरून आदळली आहे, सोडून द्या. सीटची नळी वर-खाली करून बघा. गंजून फ्रेममध्ये घट्ट बसलेली असेल तर ती काढण्यात दिवस जातो, आणि खाडीकाठच्या सायकलींत हे फार दिसतं. आणि फ्रेमचा नंबर, बॉटम ब्रॅकेटखाली किंवा सीटच्या नळीजवळ असतो, त्याचा फोटो आणि विकणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी घ्या. बिल असेल तर उत्तम. सोसायट्यांत ‘बेवारस सायकली अमुक तारखेनंतर भंगारात देण्यात येतील’ अशी नोटीस लागते, तेव्हा सेक्रेटरींना भेटा. तिथे चांगला माल फुकटात जातो. पण मालकाला विचारून, चिठ्ठी घेऊनच.

तुमचा हिशेब साधारण असा बसेल: फ्रीव्हील आणि चेन पाचशेच्या आत, टायर-ट्यूबची जोडी हजाराच्या आसपास, ब्रेकचं सगळं सहाशे, छर्रे-कोन-ग्रीस दोन-तीनशे, मजुरी पाचशे ते आठशे. म्हणजे तीन-सव्वातीन हजारांत सायकल रस्त्यावर. टायर जुनेच छान दिसतायत असं वाटलं तरी बाजूच्या भिंतीला भेगा बघा. पाच वर्षं हवा काढून एका जागी उभ्या राहिलेल्या टायरला त्या पडतातच. उरलेल्यात पंप, पुढे-मागे दिवा, कुलूप आणि दोन्ही मडगार्ड. मडगार्ड नसलेली सायकल पावसात ऑफिसला नेता येत नाही, पाठीवर पट्टा उमटतो.

आता सांभाळायचं कसं. हवा आठवड्याला बघा. टायरच्या भिंतीवर आकडा छापलेला असतो, तो कमाल असतो, त्याच्या थोडं खाली ठेवा. तुमच्या सायकलीला मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावर भरता येते, पण नळी लावल्याबरोबर काढायची, सायकलच्या ट्यूबला हवा जेमतेम लागते. काळ्या सायकलीला जुना वालट्यूबचा (आत बारीक रबरी नळी चढवलेला) व्हॉल्व्ह असतो. तिथे हवा रोज उतरत असेल तर पंक्चर शोधायच्या आधी दोन रुपयांची वालट्यूब बदला. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम चाललेल्या भागात तारांचे तुकडे आणि स्क्रू खूप. पंक्चर काढलं की टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट नको. तार तिथेच राहिली तर संध्याकाळी पुन्हा तेच.

चेनची झीज मोजायला स्टीलची फूटपट्टी लागते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नवी चेन असेल तर १२ इंचांवर बरोबर २४ वी पिन येते. ती अर्धा सूत, म्हणजे १/१६ इंच पुढे गेली की चेन बदला. एक सूत पुढे जाईपर्यंत थांबलात तर फ्रीव्हील आणि चेनव्हीलचे दातही तिच्याबरोबर झिजलेले असतात आणि नवी चेन त्यांच्यावर घसरते.

तेल कुठलं, यावर लोक भांडतात. मी पावसाळ्यात इंजिन ऑइल वापरतो, उन्हाळ्यात त्याहून पातळ. प्रत्येक रोलरवर एक थेंब, पायडल उलटं फिरवायचं, मग फडक्याने बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. बाहेर दिसणारं तेल धूळ गोळा करतं, काम आतलं करतं. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला आणि पाणी उडवायला ठीक, त्यावर चेन चालवू नका. खोबरेल तेलही नको, चिकट होतं.

पावसाच्या आधी, मे अखेरीला, सीटची नळी काढून ग्रीस लावा आणि क्लॅम्पवर जुन्या ट्यूबचा एक तुकडा मोज्यासारखा चढवा. पाणी सीटच्या नळीतून आत शिरून थेट बॉटम ब्रॅकेटमध्ये साचतं. एवढ्या रबराच्या तुकड्याने त्यातलं बरंच थांबतं. रोज ओली झालेली सायकल साध्या पाण्याने धुवा, गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने नाही. तो हबमधलं ग्रीस बाहेर काढतो. आणि खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायच्या आधी त्याच हत्यारांनी दोन्ही हब आणि बॉटम ब्रॅकेट उघडून नवं ग्रीस भरा. पाऊस तोवर ओसरलेला असतो आणि आत दुधी रंगाचा चिखल झालेला दिसेल. दिसला नाही तर तुम्ही भाग्यवान.

बॅगेत ठेवायचं फार नाही: १५ नंबरचा पाना, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पॅच-सोल्यूशन, चेनचं एक सुटं लॉक. नटाचं माप घरी बसवून खात्री करा, सगळ्या सायकलींचं सारखं नसतं.

राहिला तुमचा मित्र आणि त्याची फिक्सी. फिक्स्ड हबला फ्रीव्हीलच्या आट्यांच्या बाहेर उलट्या आट्यांची लॉकरिंग असते, ती चकतीला सुटू देत नाही. तुमच्या हबला ती नाही. त्यावर फिक्स्ड चकती आवळून पायांनी उलटा जोर देऊन थांबायला गेलात की चकती हळूहळू सुटते, आणि ती सुटते तेव्हा पाय मोकळे फिरतात, थांबायला काहीच उरत नाही. योग्य हबवर, दोन ब्रेक ठेवून, मोकळ्या रस्त्यावर फिक्स्ड चालवायला मजा येते, हे मी नाकारत नाही. कापूरबावडी नाक्यावर बसच्या पुढे ती मजा घ्यायची नाही. त्याला म्हणावं, तुझी सायकल आण, आधी तिचे ब्रेक बसवू.

कुलूप मात्र केबलचं पातळ घेऊ नका, पक्कडीने तुटतं. साखळी किंवा यू-कुलूप घ्या. मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही एकत्र, आणि हलणार नाही अशा लोखंडाला. वागळेत कंपनीच्या गेटच्या आत, वॉचमनच्या नजरेत जागा मिळते का ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.